नामदेवरावांनी पुसायला लावलेला काटा

नामदेवरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धामणगावच्या कापसाच्या जिनात, तिथली विजेची मोटार जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझे यजमान ती मोटार चालवत. हंगाम नुकताच उघडला होता. ओल्या कपाशीनं सरकी काढायचा रेचा अडकला, मोटार तापली, पण भार वाढताच वीज तोडणारी पेटी मुकाट राहिली. किती भाराला वीज तोडायची ते ठरवणारा पेटीचा काटा शेवटच्या खुणेवर होता. मोटार सारखी बंद पडू नये म्हणून यजमानांनीच तो चढवला, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. नोकरी जाणार होतीच, शिवाय गावभर बेइमान म्हणून नाव होणार होतं.

मी डबा घेऊन गेले आणि दाराशीच थांबले. अमरावतीहून तपासणीला आलेले नामदेवराव यजमानांना विचारत होते, "दसऱ्याची पूजा केली का जी?"

"केली ना साहेब. खंडेनवमीले सारं पुसून हळदकुंकू लावलं."

"पेटीबी पुसली?"

"मंग? देवाले काय मळकी दाखवाची?"

नामदेवराव हसले. काटा योग्य खुणेवर ठेवून त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या हाती फडका दिला. "आता तुमी पुसा."

"मी काहून?"

"तुमच्यावर तर तुमचा भरोसा हाय ना?"

मॅनेजरसाहेबांनी फडका फिरवला. काटा सरकत शेवटच्या खुणेवर गेला. तो जखडणाऱ्या स्क्रूचे आटे झिजले होते. मी डबा खाली ठेवला आणि तिथेच बसले. पूजेच्या फडक्यानंच काटा सरकला होता; यजमानांवरचा आळ तिथेच उतरला.

काटा खुणेवर लावला म्हणजे काम झालं असं नामदेवरावांनी कधी मानलं नाही. स्क्रू कसून ते स्वतः फडका मारत, मोटार चालवत, मग पुन्हा काटा पाहत. कुणी म्हणे, "साहेब, चहा थंडा होऊन राहिला." ते म्हणत, "होऊ दे. मोटार गरम झाली का पाहू."

पुढे यजमान तापानं गेले. पुड्यांच्या कागदांवर अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले होते, हे नामदेवरावांच्या ध्यानात होतं. धामणगावला आले की ते वाचनालयातलं एखादं पुस्तक आणून देत. एकदा मी म्हटलं, "हा लेखक लय लांबण लावते." ते म्हणाले, "मले वाटलं मीच आळशी हाय."

यजमानांची आठवण रोज येते. पण त्या आठवणीत लाज नाही. मयतीला आलेले मॅनेजरसाहेब माझ्या लेकीला म्हणाले, "तुझे बाबा सच्चे होते." ते ऐकायला आमच्या घरात धीर उरला होता, तो नामदेवरावांमुळे. नामदेवराव आता साठीचे झाले; यापुढेही त्यांचे डोळे, हात आणि हसू अशीच राहोत. त्यांना पुष्कळ, निरोगी आयुष्य मिळो. कुणावर आळ येतो तेव्हा आधी तपासून पाहणारा माणूस जवळपास असावा लागतो.