धुऱ्यावरचे रोडगे

शेजारच्या परसात आज कुणीतरी गोवऱ्या पेटवल्या आहेत. चैत्र सरत आला, अमरावतीच्या भिंती दिवसभराचं ऊन पोटात घेऊन संध्याकाळी बाहेर टाकताहेत, आणि त्या उकाड्यावरून हा कडवट, कोरडा धूर सावकाश माझ्या ओसरीवर आला आहे. शेजारीण पुण्याकडची. नवरा कचेरीत, म्हणून इकडं आलेली. बाई गुणी आहे, पण आमचं वऱ्हाड तिला अजून पचलेलं नाही. सकाळी ती कुंपणापाशी येऊन विचारत होती, की तुमच्याकडे म्हणे शेणात भाकरी भाजतात, ते खरं का? मी म्हटलं, खरं आहे बाप्पा, आणि खाणाऱ्याला तुमच्या पुरणपोळीची आठवण राहत नाही. माझं तोंड असं फटकळ आहे, वय झालं तरी सुधारलं नाही. तिला राग आला नाही. उलट कृती विचारून गेली आणि आता करूनही पाहते आहे. मी इथं सुपारी कातरत बसले आहे. धूर आवडतो, नको म्हणवत नाही, पण तो आला की माझं अंग जड होतं आणि हातातलं काम थांबतं.

कृती म्हणजे काही मोठी नाही. गहू जाडसर दळायचे, अगदी रव्याला टेकतील असे. मीठ, ओवा, हाताला लागेल इतकं तेल. पीठ घट्ट मळायचं, मळणाऱ्याच्या मनगटानं कुरकूर केली पाहिजे. मग छोट्या छोट्या पोळ्या लाटून, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, त्या साऱ्या एका मोठ्या पोळीत गुंडाळून गोल गोळा करायचा. हा झाला रोडगा. गोवऱ्यांचा जाळ बसला, लाल निखारा राहिला, की त्यात हे गोळे पुरायचे आणि वरून राख ओढायची. घाई केली की बाहेरून कोळसा अन् आत कच्चं पीठ. निघाल्यावर फडक्यात घोळून राख झाडायची, हातानं फोडायचा, पापुद्र्यापापुद्र्यांत तूप मुरू द्यायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी, रस्सा अंगासरसा, तेलाचा तवंग असलेला. आणि हे घरात करायचं नाही. रोडगे शेतातच. घरच्या चुलीवर केलेला रोडगा म्हणजे विहिरीत पोहायला शिकून नदी सांगणं.

आमच्या घरी त्याची एक रीत होती. उन्हाळ्यात, रब्बी घरात आली की एक दिवस सारं घर शेतात जायचं आणि त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करायचा. बायकांनी हात लावायचा नाही. नुसतं सावलीत बसायचं आणि पहिल्या पंगतीला जेवायचं. एरवी आमच्या घरच्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नसत. घर मानाचं, मूर्तिजापुराच्या अलीकडचं, आणि मान म्हणजे पडदा. नदीवर दुसरे जात, बाजाराला दुसरे जात. माझी माय वर्षातून एकदा दमणीत बसे. ती छोटी झाकलेली बैलगाडी, तिला पडदा लावलेला. त्या एका दिवसासाठी माय बाहेर पडे. शेताच्या मधोमध आमची आमराई होती. झाडांना नावं होती: शेंदऱ्या, साखऱ्या, खोबऱ्या. आबा, म्हणजे माझे वडील, एरवी कुणाशी फार बोलत नसत, पण त्या दिवशी बाह्या सारून निखाऱ्यापाशी बसत आणि हसत. घामानं ओला झालेला, राखेनं माखलेला तो मोठा माणूस मायच्या पत्रावळीत पहिला रोडगा फोडून तुपाची धार सोडायचा. वर्षातून एकदाच नवऱ्यानं वाढलेलं ती जेवायची. आबांचा चेहरा मला त्या दिवसांतलाच नीट आठवतो.

खोबऱ्याच्या बुडाशी एक दगड होता. माझ्या पाठचा भाऊ तिथं पुरलेला. बारशाच्या आधीच गेला. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत. आबा तेव्हा कापूस घेऊन अमरावतीला गेलेले. माय बाळंतिणीच्या खोलीत. म्हणून माझा मामा एकटाच त्याला कापडात घेऊन गेला, खोबऱ्याखाली पुरून आला आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून नदीतला एक गुळगुळीत गोटा आणून वर ठेवला. उशीएवढा. आमच्या काळ्या मातीत दगड सापडत नाही, म्हणून नदीपर्यंत जावं लागलं. ह्या गोष्टीचा घरात उच्चार नव्हता. गेलेल्या तान्ह्याचं नाव काढलं तर पुढची कूस राहत नाही, असं मानत. नाव काढायला नावही नव्हतं. पण रोडग्यांच्या दिवशी, जेवणं झाली की माय म्हणे, मी जरा खोबऱ्याच्या सावलीला बसते. रोडग्याचा एक तुकडा पदराखाली असे. दात न आलेल्या लेकरासाठी कुस्करतात तसा तो तुपात बारीक कुस्करून ती दगडापाशी ठेवी. मग पदरानं दगड पुसून त्यावर हात ठेवून बसे. आबा तेवढा वेळ पाठ करून बैलांशी काहीतरी करत राहत. मला वाटे, बैलांचं एवढं काय असतं? ते मुद्दाम पाहत नव्हते, हे मला फार पुढं कळलं. मायसाठी तो दिवस रोडग्यांचा नव्हताच. लेकरापाशी बसायचा तो वर्षातला एकच दिवस होता.

मग ती कापसाची सालं आली. साता समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अकोल्याकडं रेल्वेची माती पडत होती. परमुलखातले दलाल बैलगाड्यांच्या वाटेवरच कापसाला हात घालत. जो तो पागल झाला. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी लग्नात तुपाचे हौद भरले. ज्वारीची वावरं मोडली, गव्हाची मोडली, परसातल्या वांग्याच्या वाफ्यातसुद्धा पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी राहिली. लोक म्हणत, धान्य काय, विकत मिळतंच की. आमच्या गावात त्या वर्षी कुणी वेडं नव्हतं असं नाही म्हणता येणार, आणि आमचे आबा शहाण्यांतले म्हणून मोजले जात.

एका दुपारी जेवताना आबांनी सांगितलं की आमराई तोडायची. माय पंख्यानं माशा वारत होती. तिचा हात चालूच राहिला. सासूसासरे गेलेले, घरात ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं, मी सोडून, म्हणून ती बोलली असावी. एरवी ती नवऱ्यासमोर मागणं करीत नसे.

“खोबऱ्या तेवढा राहू द्या,” ती म्हणाली.

आबा तिच्यावर ओरडले नाहीत. मला त्यांना वाईट ठरवता येत नाही, हीच अडचण आहे. त्यांनी घास खाली ठेवला आणि समजावलं, “कपाशीले सावली चालत नाही. झाडाखाली नुसतं लाकूड वाढते, बोंड लागत नाही. दगड राहीन ना तिथंच. त्याले कोन हात लावते?”

मायनं त्यांच्या पानात वरण वाढलं. तिला जागेशी काम होतं, झाडाशी नव्हतं, आणि जागा राहील असा शब्द मिळाला होता. झाडं तोडली त्या दिवशी आम्हाला घरातून आवाज ऐकू आला नाही. शेत लांब होतं. कच्च्या कैऱ्यांच्या गाड्याच्या गाड्या वाड्यात येऊन पडल्या, आणि आम्ही बायका नुसत्या कैऱ्या चिरत बसलो. लोणचं, पन्हं, साखरांबा, मुरवायला जागा उरेना. त्या वर्षाइतकं लोणचं आमच्या घरी परत कधी झालं नाही. खाताना मला काही वाटल्याचं आठवत नाही. मायला काय वाटलं, मी विचारलं नाही.

शेत सालदारानं वखरलं. वर्षावर ठेवलेला जुना, इमानी माणूस. बुंधे काढून जमीन साफ करताना त्याला एक गोटा आडवा आला. वखराचं पातं दगडावर मोडतं. म्हणून कुणीही शेतकरी करतो तेच त्यानं केलं, गोटा उचलून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन टाकला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आबांनी नाही, कारण असल्या गोष्टी गड्यांशी बोलत नसत. मामानं नाही, कारण तो आपल्या गावी होता. ज्याला राखायला सांगायचं त्यालाच सांगायचं राहिलं. मी त्याला दोष देत नाही. त्यानं त्याचं काम चोख केलं.

दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटली. आमच्याकडं पहिल्या वेचणीच्या दिवशी वेचणाऱ्या बाया सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडायचा, हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपडायचा, आणि पांढऱ्या सोन्यानं ओटी भरू दे म्हणून मागणं मागायचं. त्या वर्षी वेचायला बाया जिकडून मिळतील तिकडून आणलेल्या, अगदी बार्शीटाकळीकडच्यासुद्धा. त्यांना दगड हवा होता, धुऱ्यावर गोटा आयता पडलेला होता. त्यांनी तोच मांडला. आणि पीक आलं ते असं की वेचून सरेना. झालं. त्या दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला, बायांनी त्याला धुरेबाबा म्हणायला सुरुवात केली. आबांनी भरलेल्या मनानं चौथरा बांधला, देव वर बसवला. घरी येऊन त्यांनी सांगितलं, की आपल्या शेतात देव निघाला. माय म्हणाली, बरं झालं.

पुढचा उन्हाळा आला. या खेपेला रोडगे धुरेबाबाच्या नावानं होते. आबांनी पाहुणे बोलावलेले, अकोल्याचे व्यापारी, बाळापूरकडचे सोयरे. निखारा एका जागी नाही, रांगेनं. आमची दमणी शेताच्या तोंडाशी पोचली आणि मायनं पडद्याची फट केली. समोर नुसतं काळं शेत. एक झाड नाही. पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, जमीन भेगाळलेली, ऊन सरळ उभं. तिची नजर मधोमध फिरली, मग डावीकडं, मग पुन्हा मधोमध. खुणेला झाडच नसल्यावर मधोमध तरी कुठली? तिनं मला हळूच विचारलं, “तुले दिसते का व कुठं?” मी नाही म्हटलं. तिनं पडदा सोडून दिला. ती रडली नाही.

बायकांसाठी कनात लावलेली होती, कनातीतून चौथऱ्यापर्यंत आडोसा. घरची लक्ष्मी म्हणून पहिली पूजा मायची. आबा निखाऱ्यातून पहिला रोडगा काढून, हातात चिमटा तसाच धरून, तो मानानं घेऊन आले. माय खाली बसली. मी तिच्या पाठीशी. ताट हाती घेऊन तिनं कुंकवाचं बोट पुढं नेलं, आणि बोट टेकवण्याआधी, सवयीनं म्हणा की कशानं, पदरानं तो दगड पुसला. शेंदूर पदराला लागला. हात दगडाच्या पाठीवरून फिरला आणि तिथंच थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. आबांनी खाकरून आठवण दिली. मग तिनं रोडगा घेतला, फोडला, तुपात बारीक बारीक कुस्करला, एक कडक कण राहू दिला नाही, आणि पुढं ठेवला. देवाला असा नैवेद्य कुणी दाखवत नाही. आबा ते पाहत होते. त्या दिवशी पाठ करायला बैल जवळ नव्हते.

“पाया पड,” आबा म्हणाले. मागं बायका खोळंबल्या होत्या.

मायनं पदर सावरला. तिचा आवाज नेहमीचाच होता, पाणी देऊ का विचारतात तसा.

“लेकराच्या पाया पडत नसते माय.”

ती उठली आणि कनातीत जाऊन बसली. मागच्या बायका एकेक करून पुढं आल्या, पाया पडल्या, कुणी ओटी भरली. आबा निखाऱ्यापाशी परत गेले. त्यांनी चिमटा जमिनीवर ठेवला आणि विस्तवातले रोडगे हातानं काढायला लागले. एक गडी धावत आला तर त्याला त्यांनी बाजूला सारलं. पंगत बसली, पाहुणे वांग्याची भाजी वाखाणत होते. मी जेवले. चव काय होती ते सांगता येत नाही, तोंडात पीठ फिरत होतं एवढंच. घरी आल्यावर मायनं आबांच्या हातांना तूप लावलं, चिंध्या बांधल्या.

मग तिकडची लढाई संपली, भाव उतरला, चांदी मोडीत गेली. आमराई पुन्हा लावायची म्हणून बोलणं झालं, लावली नाही. आबा गेले, मग माय गेली. रोडग्यांच्या दिवशी ती शेवटपर्यंत जात राहिली, चौथऱ्यापाशी बसायची, आणि आबा होते तोवर पाठ न करता तिच्या शेजारी बसत. लोक म्हणत, मालकांची फार श्रद्धा आहे देवावर.

देव अजून आहे. रेल्वेनं मूर्तिजापुराला उतरलं की कुणीही वाट दाखवतं. तो मूल नसलेल्यांना पावतो अशी ख्याती झाली आहे. लांबलांबून बायका येतात, नवस फेडायला तान्ही लेकरं त्याच्या पायांवर घालतात. मागं मीही गेले होते. शेंदराचे थर चढून तो आता माझ्या मांडीला लागेल एवढा झाला आहे, वाढत्या वयाचा दिसतो. पुजारी म्हणाला, म्हातारे, वाकवत नसेल तर नुसते हात जोड. मी जोडले नाहीत. मी त्याची थोरली बहीण. त्यानं माझ्या पाया पडायचं. ज्याचं बारसं घरात झालं नाही त्याला परक्या बायांनी नाव ठेवलं, आणि ते टिकलं. आमच्या घरातलं दुसरं कुणाचंच नाव आता त्या गावात कुणाला सांगता येत नाही.