न उचललेलं बेलाचं पान

माझा नवरा उपदेशक आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, घरी पेटी-तबला असेल, निदान एखादा भोंगा तरी असेल. आमच्याकडे त्यातलं काही नाही. ह्यांचा उपदेश म्हणजे गप्प बसणं. रविवारी सकाळी गिरणीचा पट्टा उतरवायचा, सांडलेलं पीठ झाडून घ्यायचं, पोती अंथरायची आणि तासभर डोळे मिटून बसायचं. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्यानं दोन वाक्यं बोलावीत, न वाटलं तर बोलू नये. बरेच रविवार कोणालाच काही वाटायचं नाही. हे मला आधी कळलं असतं तर मी वडलांना सांगितलं असतं, की गप्पच बसायचं तर लग्न कशाला, मी माहेरीच बसते.

मी त्यांना ‘हे’ म्हणते. नाव घ्यायची सवय तेव्हा लागली नाही आणि आता लावून घ्यायची नाही.

लग्नाआधी काही वर्षं ते नर्मदेकाठच्या एका शेतावर पंप दुरुस्तीच्या कामाला होते. शेत ज्या मंडळींचं होतं त्यांना इंग्रजीत क्वेकर म्हणतात. ते स्वतःला नुसतं मित्र म्हणवून घेतात. ख्रिस्ताला मानतात, पण पाद्री नाही, घंटा नाही, डोक्यावर पाणी घालणं नाही. प्रत्येक माणसाच्या आत एक उजेड असतो, तो दिसायला गप्प बसावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे तिथून पंपाचं काम शिकून आले आणि हे गप्प बसणंही घेऊन आले. आमच्या भागात असा माणूस त्यांच्याआधी कोणी नव्हता. नंतर कोणी होईल अशी चिन्हंही मला दिसत नाहीत.

त्या पंथाच्या पहिल्या माणसांच्या गोष्टी ते मला जेवताना सांगायचे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात त्यांना न्यायाधीशापुढे उभं करत. गुन्हा सापडत नसे. मग न्यायाधीश म्हणायचा, राजाशी इमानी आहे अशी शपथ घे आणि घरी जा. हे लोक इमानी असायचेच, पण शपथ घ्यायचे नाहीत. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची मोकळीक ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. मग तुरुंग. मी विचारायची, "आन् त्यांच्या बायकांचं काय हुयाचं?" तर म्हणायचे, "त्या बी तुरुंगात." मागे राहिलेली पोरं म्हणे आपली आपण बैठक भरवायची. मी म्हणायची, पोरांना जेवायला कोण घालत होतं ते कुठं लिहिलंय का बघा. ह्यांना हसू यायचं. मला यायचं नाही.

आमचं गाव बीडजवळच्या पालीच्या पुढे, धरणाच्या अंगाला. गावात गिरणी एकच, आमची. बायका सकाळी ज्वारी-बाजरीचे डबे ठेवून जायच्या आणि संध्याकाळी पीठ घेऊन जायच्या. घरी नेऊन कोणी परत वजन करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आम्हाला शेत नाही, दुसरा धंदा येत नाही. गिरणी चालली तर आम्ही त्या गावात, नाहीतर नाही, इतकं ते साधं होतं. आणि मला ते गाव लई आवडायचं. माझं माहेर शिरूर कासारकडचं. तिथे दसऱ्यानंतर घरांना कुलपं लागतात आणि माणसं उसावर जातात. बारा महिने माणसांनी भरलेली गल्ली मी लग्नानंतरच पाहिली.

बैठकीला येऊन येऊन येणार किती? एक निवृत्त गुरुजी यायचे. माझ्याच माहेरच्या बाजूचं, ऊसतोडीहून परतलेलं एक जोडपं यायचं. त्यातल्या नवऱ्यानं दारू सोडली होती, आणि त्याची बायको त्याचं श्रेय बैठकीला द्यायची. बीडहून एक मिस्त्री यायचे. आमची जळलेली मोटर भरून द्यायला एकदा रविवारी आले, सगळे गप्प बसलेले पाहून तेही बसले, आणि मग येतच राहिले. जुम्याची नमाजही त्यांनी कधी सोडली नाही. ह्यांनी कोणाला काही सोडायला सांगितलंच नव्हतं. मी तर श्रावणी सोमवार धरत होते, नारायणगडावर दर्शनाला जात होते, आणि बैठकीच्या वेळी दारात बसून धान्य निवडत होते.

मग कोणीतरी खिडकीतून मोबाईलवर व्हिडिओ काढला. तीन-चार मिनिटं माणसं डोळे मिटून बसली आहेत, बाकी काही नाही. खाली लिहिलं होतं, गिरणीत चाललंय काय? तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवरून पुढच्या गावांच्या ग्रुपवर गेला. त्यात काहीच घडत नव्हतं, म्हणून ज्याला जे हवं ते त्याला दिसलं. कोणी म्हणालं, बाहेरून पैसे येतात. कोणी म्हणालं, त्या जोडप्याला बाटवलं, आता गुरुजींचा नंबर.

बहिष्कार हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही. नुसते डबे यायचे थांबले. लोक पालीला दळायला जाऊ लागले. आमची शेजारीण, जिच्या तिन्ही बाळंतपणांत मी शेकायच्या शेगड्या पेटवल्या, ती डब्यावर पदर ओढून माझ्या दारावरून जायची. पदराखाली डबा काय लपतो? मी मुद्दाम दारात उभी राहायची आणि विचारायची, "निघाल्या का?" ती म्हणायची, "हां, जरा जाऊन येते." मिस्त्री आले की गिरणी उगाच तपासून बघायचे आणि म्हणायचे, "भाभी, मोटर एकदम ठीक हाय." मोटर ठीक असल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

असे दोन-अडीच महिने गेल्यावर गावातले थोरले, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते घरी आले. माणूस वाईट नव्हे. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "सोमवारी म्हादेवाच्या पारावर ये. बेलभंडारा उचल आन् सांग, पैका घेतला न्हाई, कुणाला बाटिवलं न्हाई. इषय संपला." आमच्याकडे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन माणूस बोलला की त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. पिढ्यानपिढ्यांची भांडणं त्यावर मिटली आहेत. मला इतकं हलकं वाटलं की मी आबांना दुसरा कप आणायला आत पळाले.

बाहेर आले तर हे म्हणत होते, "आबा, येतो. जे हाय ते सांगतो. पण पान उचलणार न्हाई."

त्या रात्री आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलत होते. म्हटलं, जे खरं आहे तेच पान हातात घेऊन बोलायचंय, खोटं बोलायला सांगत नाही कोणी. ते म्हणाले, "खरंच हाय म्हणून तर. हो म्हणजे हो, न्हाई म्हणजे न्हाई. त्याच्या वर काय ठिवू?" मी म्हटलं, तुमचे ते इंग्लंडातले तुरुंगात गेले तेव्हा त्यांना सरकार जेवायला घालत असेल, आपल्याला कोण घालणार आहे? त्यावर ते गप्प. त्यांच्या गप्प बसण्याला लोक भक्ती म्हणतात. मला ते कधीकधी भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

सोमवारी पारावर पुष्कळ माणसं जमली होती. ताटात बेलाचं पान आणि पिवळा भंडारा होता. हे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुणाकडून काही घेतलं न्हाई. कुणाला देव सोडायला सांगितलं न्हाई. हे माझं बोलणं." आणि थांबले. कोणीतरी पोरगा मागून म्हणाला, "खरं हाय तर कामून भेतो रे?" आबांनी त्याला गप्प केलं. मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, त्याचं ऱ्हाऊ द्या. तुमी उचला. तुमचं बी गाव मानंल."

माझा शपथेवर विश्वास होता. महादेवावर होता, बेलावर होता, भंडाऱ्यावर होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुला वाटत आसंल तर उचल. मी आडवायचो न्हाई." मी पदर खोचला आणि ताटाशी गेले. पानाला माझी बोटं लागणार, तेवढ्यात त्या शेजारणीचा नवरा शेजारच्याला म्हणाला, "आता कळंल, खरं का खोटं." हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं.

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं ह्या माणसाच्या घरचं पीठ मी दळलं होतं. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "तुमचा डबा संध्याकाळी घिऊन जाताना कधी म्हनले का, पान उचला, ज्वारी चोरली न्हाई म्हना? तवा इस्वास हुता. आज न्हाई. मग पानानं तरी कसा येईल?" आणि मी घरी निघून आले. ह्यांच्या पंथाशी त्याचा काही संबंध नव्हता. माझा अपमान झाला होता, आणि तो मला गिळता आला नाही.

डबे आले नाहीत. आणखी दोन महिने आम्ही काढले. मग मिस्त्रींनी बीडला त्यांच्या गल्लीजवळ एक गाळा शोधून दिला आणि आम्ही गिरणी हलवायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी टेम्पो आला आणि बघता बघता माणसं गोळा झाली. जात्याचे दगड उचलायला सहा जण लागतात, दहा आले. ज्यानं व्हिडिओ काढला असं सगळे म्हणायचे, तो पोरगा दोर बांधत होता. आबा स्वतः उभे राहून सांगत होते, मोटर नीट ठेवा रे, आदळू नका. जायला मदत करणारे पुष्कळ होते. राहा म्हणणारं कोणी नव्हतं. शेजारणीनं भाकरी आणि ठेचा बांधून आणला, माझे हात धरले आणि रडायला लागली.

मी म्हटलं, "आता कशाला रडता? तुमाला तर आमी खोटे वाटलो."

ती म्हणाली, "कवा वाटले? कुणालाच न्हाई वाटले. आमाला ठाऊकच हुतं तुमी काय घेतलं न्हाई ते. पोरांची तोंडं बंद करायला नुसतं पान उचलायचं हुतं, वहिनी. आमचे हे पारावर बोलले ते बी त्या पोरांलाच टोमणा हुता. आबांनी दादांला आदल्या दिशी गिरणीत यिऊन सांगितलं हुतं की. तुमाला न्हाई सांगितलं त्यांनी?"

दादा म्हणजे हे. टेम्पोत आम्ही पुढे बसलो होतो. धरणाचं पाणी मागे पडेपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं, "तुमाला ठाऊक हुतं?"

"हां."

"गावाचा आपल्यावर इस्वास हाय, हे ठाऊक आसून पारावर मला सांगितलं न्हाई?"

त्यांनी मांडीवरचं गाठोडं सारखं केलं. मग म्हणाले, "सांगितलं आसतं तर तू उचललं आसतं."

खरं होतं. एका हातानं उचललं असतं, हसत उचललं असतं, आणि संध्याकाळी पहिला डबा शेजारणीचा आला असता. मी रागानं हात मागे घेतला, कारण मला वाटलं की आपल्यावर कोणाचा विश्वास नाही. तो होता. मला वाटत होतं, मी माझ्या मनानं ठरवलं. ठरवलं होतं ह्यांनी, न बोलता. मी त्यांना टेम्पोतच सांगितलं, की आडवणार नाही म्हणालात, पण आडवलंत. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला.

बीडला गिरणी लागली, चालायलाही लागली. मी डबे घेत होते, पीठ देत होते, स्वयंपाक करत होते. ह्यांचं ताट वाढून ठेवायची आणि मी नंतर एकटी जेवायची. भांडण करून करायचं काय? गाव तर गेलंच होतं.

तिथल्या पहिल्या बैठकीला गुरुजी एसटीनं आले. मिस्त्री आले, त्यांच्या ओळखीचा एक फळवाला आला. ते जोडपं तेवढं उसावर गेलं होतं. मी दारात ज्वारी निवडत होते. बराच वेळ गेल्यावर हे उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना बैठकीत बोलताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय, आणि कधी एवढं लांब नाही.

म्हणाले, "मी शपथ घ्यायची न्हाई म्हणून घेतली न्हाई. ते बरोबर हुतं, आजबी बरोबर वाटतंय. पण एक गोष्ट मला ठाऊक हुती आन् ती मी माझ्या बायकूपासून राखून ठिवली. खोटं बोललो न्हाई. गप्प बसलो. मला पाहिजे तसं तिनं करावं म्हणून गप्प बसलो. तिचं घर त्यात गेलं. आतला उजेड सगळ्यांला आसतो म्हणून मीच सांगतो, आन् तिच्या उजेडावर मी झाकण घातलं. चुकलं माझं."

आणि खाली बसले. कोणी डोळे उघडले नाहीत. माझ्या हातातली ज्वारी तशीच राहिली.

राग गेला नाही. माझी गल्ली, माझा ओटा, ती शेजारीण, ह्यातलं काही परत येणार नव्हतं, आणि ते गेल्याचं दुःख मला अजून होतं. पण चार माणसांत उभं राहून बायकोपुढे चुकलं म्हणणारा नवरा मी माहेरी पाहिला नव्हता, त्या गावातही नव्हता पाहिला. त्या दुपारी मी दोन ताटं घेतली आणि त्यांच्यासमोर बसून जेवले.