आठ नंबरची तार

नवं घर बांधलं की लोक पंखा कुठला, बल्ब कुठला यावर तासभर खल करतात. अर्थिंगची तार कोणती टाकणार, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. आत्यानंही विचारलं नव्हतं. भाचा वायरमन असल्यावर ती कशाला विचारील?

मी बारामतीत वायरमन आहे. आमच्या धंद्यात तारेचा नंबर जितका लहान, तितकी तार जाड. मीटरपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत मी आठ नंबरची, जस्त चढवलेली लोखंडी तार टाकतो. एखादं यंत्र बिघडून त्याच्या अंगात करंट उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता या तारेनं जमिनीत जावा, म्हणून ती असते. गिऱ्हाईक "एवढी जाड कशाला?" म्हणून कुरकुरलं की मी त्याच्या अंगावरच जातो. उद्या घरात काय काय येणार ते धरून तार टाकायची, आजचे दोन बल्ब बघून नाही, हे माझं भाषण माझ्या बायकोलाही पाठ आहे.

आणि आत्याच्या घरी मी चौदा नंबरची टाकली.

तिचं घर इंदापूर तालुक्यात, डाळजला. घराला लागूनच गोठा. आठ नंबरच्या तारेचं भेंडोळं मी दुकानातच विसरून आलो होतो आणि पिशवीत चौदाची होती. तार आणायला पुन्हा बारामती गाठायची म्हणजे अर्धा दिवस गेला. आतून पुरणाचा वास येत होता. म्हटलं, आत्याचंच तर घर आहे, पुढच्या खेपेला बदलू. परक्याकडे असं केलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. आत्याकडे चार पोळ्या हाणल्या.

पुढच्या खेपा पुष्कळ झाल्या. दर खेपेला चहा झाला, गप्पा झाल्या, तार राहिली. दरम्यान घरात फ्रीज आला, पाण्याची जुनी मोटार बसली, गोठ्यात चारा कापायची कडबाकुट्टी आली. सगळ्यांची अर्थिंग त्या एकाच बारीक तारेला. गाईला पाणी प्यायला लोखंडी पिंप आडवं कापून ठेवलं होतं. मोटारीचा पाईप त्याला टेकलेला, म्हणजे तेही त्याच तारेवर.

मग एक दिवस आत्याचा फोन आला. तिची एक गाय होती, वासरू असल्यापासून हातावर वाढवलेली. आत्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही.

"गाय पिंपाला तोंड लावंना रं," आत्या म्हणाली. "जवळ गेली की दचकती. धारंला बसलं की लाथा झाडती. आन् पिंपाला हात लावला की माझ्या बी हाताला मुंग्या येत्यात. करंट हाय का बघ की."

मी गेलो. खिशातला टेस्टर पिंपाला लावला. पेटला नाही. कुट्टीला लावला, तिथंही नाही. थोड्याथोडक्या व्होल्टला टेस्टर पेटतच नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मोजायचा मीटर गाडीच्या डिकीत होता. पण आपल्या कामावर शंका घेतली याचाच मला राग आला होता. आत्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि मी रबरी चपला घालून तिला शहाणपण शिकवत होतो.

"आत्या, माझ्या कामात करंट असतोय व्हय? गाय मारकी झालीय तुझी. आन् मुंग्या वयामुळं येतात, डॉक्टरला दाखव," असं म्हणून वर हसलोही.

तिनं माझं ऐकलं. भिगवणला जाऊन गोळ्या आणल्या आणि कितीतरी महिने घेतल्या. गाय आटत गेली. शेवटी आत्येभावानं तिला बाजारात नेऊन विकलं. मारकी आणि आटलेली गाय बाजारातून पुढं कुठं जाते, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

काही दिवसांनी दुसरी गाय आली. महिनाभरातच तीही पिंपापासून लांब उभी राहू लागली. आत्येभावानं हे फोनवर सहज सांगितलं आणि मी हातातलं काम टाकून निघालो. या वेळी मीटर हातात घेऊनच गोठ्यात शिरलो. मोटार चालू केली आणि पिंप व ओली फरशी यांच्यात मोजलं. अठरा व्होल्ट. माणसाच्या हाताला मुंग्या येतील एवढे, आणि गाईला तर याहून कमीसुद्धा सोसत नाहीत. खड्डा उकरला. माझी तार गंजून दोऱ्याएवढी उरली होती, बोट लावताच तुटली. मोटारीतून गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती.

त्याच दिवशी आठ नंबरची तार टाकली, मोटार दुरुस्तीला काढली. मग आत्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. तुझ्या हाताला काही झालं नव्हतं, गाय मारकी नव्हती, चूक माझी होती. तिनं मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. मला त्याची गरज होती.

तिनं गोळ्यांचा विषय काढला नाही, तारेचाही नाही.

"तू मारकी म्हणलास," ती म्हणाली, "म्हणून म्या तिला पिंपापाशीच आवळून बांधली. पाणी पी म्हणून काठीनं मारली. लई मारली. ती नुसती माझ्याकडं बघत हुती रं."