मांजरीचा निळा रंग

पिपरीत आमच्या शेजारचे काका दवाखान्याच्या लॅबमधून रिटायर झाले, पण काचेची नळी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. त्यांच्या मांजरीला मधुमेह होता. तिच्या लघवीचे आठ थेंब निळ्या औषधात टाकून ते स्टोव्हवर उकळत. विटकरी रंग आला की साखर जास्त, निळाच राहिला की साखर नाही. त्यावरून इन्सुलिन ठरायचं, तेही सिरिंजवरच्या अर्ध्या रेघेच्या हिशेबानं.

मधुमेह काकांनाही होता. "तुमची कधी तपासता?" मी विचारलं.

"मी काय मांजर आहो?"

एका सकाळी साखर फार उतरून मांजर लटपटत पडली. काकांनी तिच्या हिरड्यांना गुळाचं पाणी चोळलं आणि ती उठेपर्यंत जागचे हलले नाहीत. त्या दिवसापासून डोस कमी करत करत त्यांनी सुई बंदच केली.

महिन्याभरानं ते नळी उंच धरून गल्लीभर फिरले. "पाहा, सुईबिगर निळं हाय!"

मग घरोघरी पेढे वाटले. माझ्या हातावर एक ठेवला, दोन स्वतःच्या तोंडात टाकले. पायाशी मांजर ओरडली, तसा त्यांनी पुडा पाठीमागे लपवला.

"तुले नाई. तुले शुगर होती ना!"