गंगीची पाठवणी

माघातलं कोवळं ऊन आमच्या बारवेत पायरी-पायरीनं उतरायचं आणि त्या हिरव्याशार, शेवाळगंधी पाण्यावर वितळल्या तुपासारखं पसरायचं. येडशीजवळच्या आमच्या गावातलं ते एकुलतं एक गोडं पाणी. त्या प्रसन्न जलाला एके वर्षी भयाचं ग्रहण लागलं, आणि तेही निव्वळ कौतुकापोटी!

निजामी राजवट होती. आमचे थोरले काका हैदराबादेत एका जहागीरदाराच्या बागेचे दारोगा. सुट्टीवर येताना त्यांनी पत्र्याच्या डब्यातून मगरीचं वीतभर पिल्लू आणलं आणि बारवेत सोडलं. मगर म्हणजे साक्षात गंगामाईचं वाहन! मग काय, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नाव ठेवलं गंगी. ‘ही आमची लेक’ असं काका चारचौघांत मिशीवर ताव देत सांगत. पिल्लाबरोबर त्याचे दातही वाढतात, हे कौतुकाच्या भरात कुणाच्या ध्यानी येतं? एखाद्या जीवाला आपण पाळलं असं आपण म्हणतो. त्यानं ते कबूल केलेलं असतं थोडंच! आपली माया त्या थंड, निर्विकार डोळ्यांपर्यंत कधी पोचली असेल का?

तीन-चार वर्षांत गंगी वाढली. बारवेतले मासे संपले, मग पाण्याला उतरलेलं एक करडू नाहीसं झालं. तरी सुट्टीवर आले की काका हसत. आणि एका दुपारी, घागर बुडवायला वाकलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या परकराचा घोळ त्या जबड्यात गेला. कापड जीर्ण होतं, फाटलं, म्हणून पोर वाचली. बायकांनी बारव सोडली. दूरच्या ओढ्याचं गढूळ पाणी डोक्यावरून आणू लागल्या. पण देवीच्या वाहनाला हात लावणार कोण? त्या थंडीत सुट्टीवर आलेले काका तर ऐकूनच घेईनात.

माझी आई थोरल्या दिरापुढे कधी मान वर न करणारी. ती एका संध्याकाळी उंबऱ्यावर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “भाऊजी, गंगी तुमची लेक हाय न्हवं? मग वाढलेल्या लेकीला माहेरात किती दिस ठिवायचं? वटी भरून सासरी धाडू, तुमच्या जहागीरदाराच्या बागंतल्या तळ्यात. पोचवायला तुम्हीच जा.”

काकांचा मिशीवरचा हात खाली आला. लेकीची पाठवणी अडवणारा बाप आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे!

थंडीत मगर सुस्त, जड होते, हे आईनं घागरी भरता भरता हेरून ठेवलं होतं. भल्या सकाळी गारठून पायरीवर पडलेल्या गंगीवर चौघीजणींनी ओली घोंगडी टाकली, आणि मोटेच्या नाड्यानं जबडा करकचून आवळला. मग खण, नारळ, तांदूळ. ओटी अगदी रीतसर! बैलगाडी येडशी स्टेशनाकडे निघाली, गंगीशेजारी काका गंभीर मुद्रेनं बसले, आणि मागून बायकांनी पाठवणीची गाणी अशा खड्या आवाजात म्हटली, की रडायची ती गाणी त्या दिवशी विजयाची झाली. मी ऊर फुटेस्तोवर गाडीमागं धावलो. इतका निखळ आनंद पुढं मला फार थोड्या वेळा लाभला.

काका परतले तेव्हा, लेक पोचवून आलेल्या माणसाला विचारतात तसं, आईनं पाण्याचा तांब्या पुढं करून विचारलं, “लेक सुखानं पोचली का?”

“पोचली,” काका म्हणाले. “तळं दिसताच पाण्यात शिरली. मागं वळून बी बघितलं न्हाय.”

तांब्यात बारवेचं पाणी होतं. काकांनी ते एका दमात संपवलं, आणि आई पदराआड मनसोक्त हसली.