मंगळवारची कोंबडी

दर मंगळवारी साडेअकराला आम्ही तिघं गाडीत बसतो. मी, माझी बायको आणि तिला सांभाळायला येणाऱ्या फिलिपिनो बाई. खरं तर बसवावं लागतं एकीलाच, पण त्यात वीस मिनिटं जातात. कोट, टोपी, बूट, मग काढून टाकलेला एक बूट परत, आणि "कुठे चाललोय आपण?" या प्रश्नाचं उत्तर पाच वेळा. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एका प्लाझात फिलिपिन्सच्या एका फास्ट फूड चेनची शाखा आहे. तळलेली कोंबडी, भात आणि ग्रेव्ही. तिथे पोचेपर्यंतच मी थकलेला असतो आणि जेवण अजून व्हायचंच असतं.

फास्ट फूड मला आवडत नाही, असं मी घरात चाळीस वर्षं सांगत आलो. ते खोटं होतं. मी नागपूरचा, सावजी रश्श्यावर वाढलेला. बायको पुण्याची, तिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. लग्न ठरताना तिनं मांस-मच्छी सोडायची एकच अट घातली होती, आणि मी ती मोठ्या रुबाबात मान्य केली होती. इथे आल्यावर सहा महिने पाळलीही. मग शिकागोच्या ऑफिसात जायला लागलो, आणि संध्याकाळची ट्रेन पकडायच्या आधी स्टेशनातल्या एका काउंटरवर उभ्या उभ्या चिकन सँडविच खायला लागलो. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. हात साबणानं दोनदा धुवायचे, बडीशेप चघळायची आणि घरी येऊन पोळीभाजीला वा वा म्हणायचं. तिला कधी कळलं नाही. किंवा कळलं असेल, पण ती बोलली नाही. हे विचारायचं मी पुढे ढकलत राहिलो आणि आता विचारण्यात अर्थ उरलेला नाही.

ती स्वतः मात्र कट्टर होती. देशी दुकानांची पूर्ण डेव्हन ॲव्हेन्यू पालथी घालून ती अशी मिठाई शोधायची जिच्यात हाडांपासून केलेलं जिलेटिन नाही. मराठी मंडळात प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा पॉटलक असला की आपल्या भाजीचा डाव ती स्वतःच्या हातात धरून उभी राहायची, कुणी तो चुकून मटणाच्या भांड्यात बुडवू नये म्हणून. लोक मागे हसायचे. मीही हसायचो, आणि मला तर हसायचा काही अधिकार नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. गेल्या हिवाळ्यात ती जेवायचंच विसरली. भूक लागल्याचं तिला कळत नसे आणि चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. मी वरण-भात केला, मऊ खिचडी केली, शिरा केला. बाईंनी सूप केलं. एक घास आत गेला तर दोन बाहेर यायचे. वजन उतरत चाललं. डॉक्टरीण शांतपणे म्हणाल्या, असंच चाललं तर पोटात नळी घालायची की नाही हे तुम्हाला ठरवावं लागेल. मला ते ठरवायचं नव्हतं. ती शुद्धीत असताना एकदा तिनं स्पष्ट सांगितलं होतं की मला नळ्या नकोत. म्हणजे नाही म्हणायचं आणि तिला उपाशी जाऊ द्यायचं, ते मीच. बहात्तराव्या वर्षी माणसाला इतकं काही ठरवायला लावू नये.

त्याच दिवसांत बाईंचा वाढदिवस आला. त्या पंचावन्नच्या झाल्या. मी म्हटलं, जेवायला जाऊ, तुम्ही म्हणाल तिथे. एखादं बरं हॉटेल सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी ही चेन सांगितली. गाडीत त्या त्यांच्या गावाबद्दल बोलत होत्या. तिकडे वाढदिवस म्हटला की हेच. पगार झाला, पोरगं पास झालं, कुणी आखातातून सुट्टीवर आलं की विमानतळावरून थेट हेच. त्यांच्या गावात पहिली शाखा उघडली तेव्हा चर्चचे फादर येऊन पाणी शिंपडून गेले होते. अमेरिकन बर्गरवाले तिकडे आले तेव्हा त्यांनाही मुकाट्यानं भात ठेवावा लागला. "राइस नाही तर ते जेवण नाही, सर," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी कोकणातल्या माझ्या एका मित्राच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

दुकानात चमचे-काटे होते. पण वाढदिवस त्यांचा होता आणि बहुधा मनानं त्या आपल्या घरी पोचल्या होत्या, कारण त्यांनी बाही वर सारली, भातावर ग्रेव्ही ओतली आणि हातानं कालवायला सुरुवात केली. कोंबडीचा लचका तोडला, भातात दाबला आणि अंगठ्यानं ढकलून घास तोंडात टाकला. बायको समोर बसून बघत होती. मग तिनं हात लांब केला, त्यांच्याच ताटात बोटं घातली, घास केला आणि खाल्ला. दुसरा केला. तिसरा.

मी तिचा हात धरायला उठलो होतो. उठलो आणि अर्धवट वाकून तसाच उभा राहिलो. बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना आमच्या घरातला नियम पहिल्या दिवसापासून माहीत होता. "सर?" त्या हळूच म्हणाल्या. मी खाली बसलो. बायकोनं ते ताट जवळजवळ संपवलं आणि बोटं चाटली.

मला आनंद झाला आणि स्वतःचा संतापही आला. मी स्वतः आयुष्यभर हातानं जेवणारा माणूस, पण तिला भरवायचं कसं हे शिकवणाऱ्या थेरपिस्टनं चमचा सांगितला म्हणून तीन महिने तिच्या तोंडात चमचा खुपसत होतो. दुसऱ्या दिवशी घरी वरण-भात हातानं कालवून तिच्यासमोर खाऊन दाखवला. तिनं दोन घास घेतले आणि तोंड मिटलं. पनीर तळून बघितलं, फ्लॉवर तळला, सोयाबीनच्या वड्यांना तसलंच खारट आवरण लावलं. सगळं थुंकलं. तिच्या जिभेला त्या दुकानातलंच हवं होतं. आता बाई आठवड्याचं एकदम बांधून आणतात आणि मंगळवारी आम्ही तिथे जातो. ज्या फ्रिजमध्ये अंडं येत नव्हतं तिथे आता चिकनचे डबे आहेत. तिचं वजन थोडं वाढलं आहे. नळीचा विषय सध्या मागे पडला आहे.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, शी इज ईटिंग. दॅट्स ऑल दॅट मॅटर्स." तिचं बरोबर आहे. तरी मी फोन ठेवून बराच वेळ चिडून बसलो होतो. इतकं बरोबर बोलायला लांब राहावं लागतं.

मागच्या मंगळवारी दुकानात गर्दी नव्हती. बाहेर पार्किंगमध्ये काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. बायको नीट जेवत होती. मध्येच ती थांबली, हातातला तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि अगदी पूर्वीच्या, बाजारात भाजीवाल्याला विचारावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "हे काय आहे?"

बाईंना मराठी येत नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी खायचं थांबवलं. मी फ्लॉवर म्हणू शकलो असतो. अशा आजारात खोटं बोललं तर चालतं, असं सगळेच सांगतात. पण तिच्याशी खोटं बोलून माझं पोट भरलं होतं.

"चिकन आहे," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणून पुढेही बोललो. "मी खात होतो. कितीतरी वर्षं. स्टेशनवर, तुला न सांगता. तुला शब्द दिला होता आणि पाळला नाही."

आता ती तो तुकडा ताटात टाकेल, उठेल आणि घरापर्यंत माझ्याशी बोलणार नाही, असं मला वाटलं. खरं सांगतो, तसं व्हावं असंच मला वाटत होतं. ती उद्यापासून परत उपाशी राहिली असती, वजन उतरलं असतं, डॉक्टरिणींनी परत तेच विचारलं असतं. हे सगळं कळत असूनही तेवढा वेळ मला फक्त तिचा राग हवा होता.

"बरं," ती म्हणाली आणि खायला लागली. दोन घास झाल्यावर तिनं मान वर केली आणि प्रवासात शेजारच्याची चौकशी करावी तसं विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको असते," मी म्हणालो. "ती हे खात नाही."

तिनं जरा विचार केला. मग आपल्या ताटातला उरलेला तुकडा माझ्याकडे सरकवला. "मग खाऊन घ्या," ती म्हणाली. "आणि तिला सांगू नका. तिला वाईट वाटेल."