सहा मिनिटांचं हेलिकॉप्टर

माझ्या मोठ्या भाऊजींइतका सरळ दिसणारा आणि इतक्या सफाईनं खोटं बोलणारा माणूस नागपूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दोन वर्षं त्यांची नजर कडेकडेनं विझत होती आणि दोन वर्षं त्यांनी ते माझ्या ताईपासून, स्वतःच्या लेकीपासून आणि माझ्यापासून लपवलं. लपवलं कशाच्या आड, तर एका रिमोटवरच्या हेलिकॉप्टरच्या आड. हे मी रागात लिहितो आहे. राग उतरल्यावर लिहा, असं बायकोनं सुचवलं होतं. पण राग उतरायची वाट पाहिली तर हे लिहूनच व्हायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

भाऊजी पारशिवनीकडचे. दहावीला गणितानं दगा दिला आणि त्यांनी कळमेश्वरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून आयुष्य काढलं. मशीन बिघडलं की इंजिनियर लोक कागद उघडायचे, भाऊजी लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "मागचं गेलं. पुढचं आणखी महिनाभर चालते." ते चालायचं. लग्नाच्या मांडवात जनरेटर लावला असेल तर हा माणूस जेवण सोडून त्याच्याजवळ उभा. ताईच्या मिक्सरला, माझ्या स्कूटरला, एकदा तर माझ्या घोरणाऱ्या काकांनाही त्यांनी कान लावला आहे. काकांचं निदान त्यांनी उघड केलं नाही, पण "ओव्हरहॉलिंग लागते" एवढं म्हणाले. मी आमच्या दोन्ही घरांतला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून मला ते नावानं कधीच हाक मारत नाहीत. बीएस्सी म्हणतात. "काय गा बीएस्सी, पाऊस येते का आज?" मी हवामान खात्यात नाही, पंचायत समितीत आहे, हे त्यांना तीस वर्षं पटलेलं नाही. पण त्या हाकेचा मला अभिमान होता. पहिल्या पदवीचा माणूस घरात डॉक्टर, वकील आणि पंचांग सगळंच असतो. मीही होतो. विचारतील त्या प्रश्नाचं उत्तर मी छातीवर हात ठेवून द्यायचो.

हेलिकॉप्टरचं पाप मात्र माझंच. ऑफिसच्या सोडतीत मला खेळण्यातलं एक हेलिकॉप्टर लागलं. भाऊजी नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर ताईच्या कुकरच्या शिट्या दुरुस्त करत होते, म्हणून ते मी त्यांच्या हाती दिलं. चार दिवस त्यांनी ते पंख्याभोवती फिरवलं आणि पाचव्या दिवशी परत आणून दिलं. "हे आपलं आपणच उडते गा. माणसाचं काय काम याच्यात?" मला वाटलं, संपलं. पण पुण्याला बदली झालेल्या एका इंजिनियरकडून त्यांनी खरंखुरं, हातभर लांबीचं जुनं हेलिकॉप्टर आणलं. त्याची पाती फिरली की अंगणातली तुळस आडवी व्हायची. ते एक सेकंदही आपलं आपण उभं राहत नसे. रिमोटच्या दोन दांड्यांवरून अंगठे जरा ढिले झाले की ते कुठल्या ना कुठल्या बाजूला कलंडायचं. भाऊजी खूश. "हे पाह्य. सोडलं का पडते. आता आली मजा."

मी त्याच दिवशी जाहीर केलं की हा छंद तीन महिने टिकेल. शास्त्रीय कारणंही दिली. वर जाणं, खाली येणं, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. एकदा जमलं की पुढं काय? माणूस कंटाळणारच. ताईनं सुटकेचा श्वास टाकला. बीएस्सी म्हणाला तीन महिने, म्हणजे तीन महिने.

भाऊजी रविवारी सकाळी लेआउटच्या वस्तीमागच्या मोकळ्या मैदानात जायचे. बॅटरी सहा मिनिटं चालायची. बहुतेक वेळा चौथ्या मिनिटाला ते आपटायचं. मग सोमवार ते शनिवार दुरुस्ती. ओसरीत जुनं चादरीचं कापड अंथरायचं, त्यावर स्क्रू हरवू नयेत म्हणून ताईची परात ठेवायची, आणि ताईनं कणीक कशात मळायची हा प्रश्न आठवडाभर लोंबकळत राहायचा. सहा मिनिटांच्या उडण्यासाठी सहा दिवसांची मजुरी करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी चिडून विचारलं, "भाऊजी, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "तुले संसाराचा येते का? त्यातबी तेवढंच उडते."

पुढं त्यांना नवीन खूळ लागलं. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असते तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. पण ते वळवून त्याचं तोंड आपल्याकडे केलं की सगळं उलटं. डावीकडे न्यायचं तर दांडी उजवीकडे. हे अंगठ्यांना शिकवायला त्यांनी वर्ष घातलं. जेवताना पाण्याचा गिलास स्वतःकडे वळवून तो कुठं कलंडेल याचा सराव. ताई समोरून आली की हवेत अंगठे हलवायचे. "काय करून राहिले तुम्ही?" ती विचारायची. "तुले उतरवून राहिलो," हे उत्तर. ताईनं ते भांडण आठ दिवस चालवलं.

तीन महिन्यांचे सहा झाले, वर्ष झालं, आणि हेलिकॉप्टर रंगायला लागलं. आधी शेपटीला ट्रकच्या मागं असते तशी लाल रेडियमची पट्टी. मग एका बाजूला भगवा रंग, दुसऱ्या बाजूला पोपटी. मग पोटाला चमकी. गल्लीत तान्हा पोळा भरला, लेकरं आपापले लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहिली, तेव्हा या माणसानं हेलिकॉप्टरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि बैलांच्या रांगेच्या टोकाला नेऊन ठेवलं. एवढ्यावर थांबते तर ठीक. ते हारासकट उडवलं. हार सुटून शेपटीच्या पात्यात गुंडाळला गेला, हेलिकॉप्टर जागच्या जागी पिंगा घालायला लागलं, पाकळ्यांचा सडा पडला आणि शेवटी ते शेजारच्या वहिनींनी ऊन दाखवायला काढलेल्या कुरड्यांवर बसलं. सगळी गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो. म्हणालो, "भाऊजी, हे हेलिकॉप्टर आहे की नंदी?" ते म्हणाले, "बैलाले हार घालते, याले काहून नाई?" आणि कुरड्यांचे तुकडे वेचायला वाकले. वेचताना बरेचसे त्यांच्या हातून सुटले. डावीकडचे. मी ते पाहिलं होतं, आणि तरीही हसत होतो.

त्याच वर्षी त्यांनी मोटरसायकल सोडली. "गुडघे दुखते," म्हणाले, आणि आम्ही त्यांच्या शहाणपणाचं कौतुक केलं. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. एकदा मला एकट्याला गाठून त्यांनी विचारलं होतं, "कडेचं जरा कमी दिसते गा. काय असन?" मी बीएस्सी. मी क्षणभरही विचार केला नाही. "वयानं होतं, भाऊजी. चष्मा लागला तुम्हाला." आणि त्याच संध्याकाळी बर्डीच्या बाजारातून तयार चष्मा आणून दिला. त्यांनी तो नाकावर ठेवला, चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा. एकदम साफ."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्यासोबत मैदानात गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो. लेकीकडे पुण्याला जायचं सोडून हा माणूस एक बेअरिंग यायची वाट पाहत बसला होता. हेलिकॉप्टर वर होतं. मधेच बॅटरीनं मान टाकली. आवाज एकदम थांबला आणि ते त्यांच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर, तुरीच्या काडावर धप्पकन पडलं. भाऊजी समोर आभाळात पाहत होते. अंगठे दांड्यांवर. बराच वेळ झाला. मग हळूच, जणू मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कुठं गेलं गा?"

मी हेलिकॉप्टर उचलून आणलं आणि पेटीत ठेवायला गेलो. पेटीतला स्पंज उचलला तर खाली घडी घातलेला कागद. कारखान्यातल्या तपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी दिलेला. काचबिंदूची शंका, लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा. कागद दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे माझ्या चष्म्याच्याही आधीचा. हा माणूस माझ्याकडे आला तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. त्याला फक्त दुसरं उत्तर हवं होतं, आणि ते द्यायला मी तयार बसलो होतो.

मी मैदानात उभा राहून त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोठ्या भाऊजींना कुणी असं बोलत नाही. ते ऐकत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "झालं? सांगतलं असतं तर तुमी पहिले हेच बंद केलं असतं."

"डोळ्यापेक्षा हे मोठं आहे?"

"तसं नाई गा. मशीन बंद झाल्यावर घरात बसलेल्या माणसाले दोनच कामं राहते. जेवणं आन वाट पाहणं. याच्यात मले सहा मिनिटं कामावर असल्यावाणी वाटे."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई भल्या होत्या. गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते राखायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आता समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहावं तसं. ताई दिवसातून तीनदा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते आणि घालताना एक शब्दही बोलत नाही. तिच्या आयुष्यात तिनं कधी इतका मोठा आवाज केला नसेल. पहिले पंधरा दिवस मीही त्यांच्या घरी पाय टाकला नाही. सोळाव्या दिवशी ताईचा फोन आला. "बाबू, ते जेवत नाहीत नीट. पेटी माळ्यावर ठेवून दिली त्यांनी. तू ये. भांडायलाच ये, पण ये."

तेव्हापासून रविवारी मी जातो. रिमोट माझ्या हातात असतो आणि भाऊजी प्लास्टिकच्या खुर्चीत, हेलिकॉप्टरकडे पाठ करून बसतात. पाहिलं की चुकतं म्हणतात. मी उडवतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. "शेपूट डावीकडं चाललं. धर. अगा धर ना, बीएस्सी." मी धरतो. ते कधीही चुकत नाहीत, आणि याचाही मला राग येतो. हे कान होते तर दोन वर्षं ते आमचं एक वाक्य का ऐकत नव्हते? हेलिकॉप्टरचं तोंड माझ्याकडे वळलं की माझं सगळं उलटं होतं. पदवी, अंगठे, सगळं. चौथ्या मिनिटाला ते आपटतं. सोमवार ते शनिवार ओसरीत परात. ते बोटानं चाचपून बेअरिंग सांगतात, मी स्क्रू आवळतो. कंटाळा येईल म्हणून मी वाट पाहतो आहे. तीन महिने कधीच होऊन गेले.

परवा पहिल्यांदा ते तोंड माझ्याकडे ठेवून मी सबंध सहा मिनिटं टिकवलं आणि अलगद उतरवलं. पाती थांबली. मैदानात काही आवाज राहिला नाही. भाऊजी पाठमोरे, मान जराशी वर करून अजून ऐकतच होते.

"पडलं का?" त्यांनी विचारलं.

"उतरलं," मी म्हणालो. "तुमच्या डाव्या हाताला आहे."

त्यांनी खुर्ची वळवली नाही. डावा हात खाली सोडला आणि गवतातून चाचपत नेला. तो पोचायच्या आत मी हेलिकॉप्टर वीतभर त्यांच्या हाताकडे सरकवलं.